पाचारण कोणाचे, प्रवास कोणाचा?

दरवर्षी ऑक्टोबर महिन्यात मिशन रविवारी आपण जगभरच्या मिशनरी बंधुभगिनींसाठी प्रार्थना करतो आणि यथाशक्ती दान देतो. तेव्हा डोळ्यांसमोर उभे राहतात ते धर्मगुरू, नाही तर धर्मभगिनी. आपल्या वसईकरांना आठवतात ते संत गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मलेले हे संत ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. ते संसारी नव्हते. त्यांनी दिला तो स्वतःचा प्राण. परंतु एखादे जोडपे मुलाबाळांना घेऊन परदेशी मिशनकार्याला निघते, तेव्हा काय?

ख्रिस्तसभेला हे नवीन नाही. बादशहाच्या हुकुमामुळे अक्विला आणि प्रिस्किल्ला यांना रोम सोडावे लागले. ती दोघे करिंथला आली, तंबू शिवून पोट भरू लागली, संत पौलाला त्यांनी घरात ठेवून घेतले आणि पुढे त्याच्याबरोबर इफिसला गेली. नव्या करारात त्यांची नावे येतात ती नेहमी जोडीनेच. अलीकडच्या काळात, १९८८ साली, पोप जॉन पॉल दुसरे यांनी इटलीतील पोर्तो सान जॉर्जो येथून ७२ कुटुंबांना मिशनकार्यासाठी पाठवले. हे वाचून आपल्याला आनंद होतो आणि तो व्हायलाच हवा. तरी एक प्रश्न उरतोच. देवाची हाक कोणाला आली? बापाला, आईला, की दुसरीत शिकणाऱ्या मुलालाही?

विल्यम कॅरी यांचे नाव मराठी माणसाला परके नाही. १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठीचा शब्दकोश त्यांनी छापला. ते बाप्टिस्ट होते, आपल्या ख्रिस्तसभेचे नव्हेत, पण त्यांच्या कामाचे ऋण आपल्यावरही आहे. १७९३ साली ते इंग्लंडहून बंगालला निघाले तेव्हा त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी यायला साफ नकार दिला होता. त्या गरोदर होत्या. तेव्हा थोरल्या मुलाला घेऊन कॅरी एकटेच निघाले. जहाजाच्या अडचणीमुळे प्रवास लांबला आणि त्यांना पुन्हा घरी येता आले. तोवर डोरोथी बाळंत झाल्या होत्या. आली नाहीस तर जन्मभर पस्तावशील, असे कॅरींच्या सहकाऱ्याने त्यांना बजावले. धाकटी बहीण सोबत येत असेल तर येते, एवढी एकच अट घालून त्या ओल्या बाळंतिणीने होकार दिला. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये पीटर हा त्यांचा पाच वर्षांचा मुलगा वारला. त्यानंतर डोरोथींचे मन ढळले, ते सावरलेच नाही. कित्येक वर्षे त्यांना खोलीत बंद ठेवावे लागले आणि १८०७ साली त्या वारल्या. त्यांना लिहिता येत नव्हते. लग्नाच्या नोंदवहीत त्यांनी सहीऐवजी फुली केली होती. त्यामुळे त्यांच्याविषयी आपण जे वाचतो ते सारे दुसऱ्यांनी लिहिलेले आहे.

कोणी म्हणेल, मुलांना विचारून कोणते आईबाप काय करतात? बाप्तिस्मासुद्धा आपण तान्ह्या बाळाला न विचारताच देतो. नोकरीसाठी आखाती देशांत, कॅनडात माणसे बायकामुलांसह जातात. मूल रडले तर, होईल सवय, असे म्हणतो. पैशासाठी हे चालते, मग देवासाठी का चालू नये? हा आक्षेप वजनदार आहे. शिवाय कॅरींचा तोच थोरला मुलगा, फेलिक्स, मोठेपणी मिशनरी म्हणून ब्रह्मदेशात गेला. म्हणजे त्या घरातून मुलांना नुसते दुःखच मिळाले, असेही म्हणता येत नाही.

तरी आम्हांला एक फरक दिसतो. नोकरी जमली नाही तर माणूस परत येतो. लोक चार दिवस बोलतात आणि विसरतात. बायको उघडपणे म्हणू शकते, मला इथे करमत नाही. देवाच्या नावाने निघालेल्या घरात हेच बोलणे फार कठीण असते. तिथे तक्रार नवऱ्याविरुद्ध राहत नाही, ती देवाविरुद्ध होऊन बसते. आठ वर्षांच्या मुलाने आजीकडे जायचा हट्ट धरला तर तोसुद्धा विश्वासाला कमी पडला असे ठरते. मग घरातले दुबळे माणूस गप्प होते आणि त्या गप्प राहण्यालाच आपण होकार समजतो.

देवाने स्वतः असे केले नाही. मरीयेकडे दूत आला, तिने शंका विचारली, तिला उत्तर मिळाले, मग तिने होकार दिला. योसेफाला कोणी गृहीत धरले नाही. त्यालाही स्वप्नात वेगळे सांगितले गेले. इजिप्तला मात्र तो बाळाला आणि आईला घेऊन रातोरात निघाला, हे खरे. पण तेव्हा हेरोदाची तलवार मागे होती.

उद्या आपल्या धर्मग्रामातून एखादे कुटुंब निघाले तर आपण टाळ्या वाजवू, हार घालू, मिस्सा अर्पण करू. त्याआधी प्रमुख धर्मगुरूंनी त्या दोघांशी एकेकटे बोलावे. मुलांशी त्यांच्या आजी-आजोबांनी बोलावे, कारण मुले तिथेच खरे सांगतात. आणि निरोपाच्या दिवशी त्या बाईला आपण सर्वांनी सांगावे की दोन वर्षांनी, दोन महिन्यांनी, केव्हाही परत यावेसे वाटले तर इथे कोणी तोंड फिरवणार नाही. मुलांच्या शाळेचे आणि राहायच्या खोलीचे आम्ही बघू.