सात मिलिमीटरचे बूट आणि तुझी घाई

तुझा फोटो पाहिला. घोट्याच्या वर चढणारे काळे, जाड तळाचे बूट, शेजारी निळे फिन्स आणि खाली ओळ: ‘बाई, तयारी झाली, आता तारकर्ली!’ तयारी झालेली नाही. जे बूट तू मागवलेस ते त्या फिन्समध्ये जाणार नाहीत आणि जे फिन्स मागवलेस त्यांना बूट लागत नाहीत. एका फोनवर कळली असती अशी ही गोष्ट होती. तो फोन तू केला नाहीस. तुझ्या बाबांनी पपईच्या पैशातून कोर्सची फी भरली, वर सामानासाठी पैसे दिले, आणि तू ते एकमेकांशी मेळ नसलेल्या दोन वस्तूंवर घातलेस. म्हणून आज मी गोड बोलणार नाही.

आधी एवढं सांग, तू तिथे कशासाठी चाललायस? मालवणला पर्यटकांना होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ नेतात आणि प्रशिक्षक त्यांना धरून थोडा वेळ पाण्याखाली फिरवून आणतो. तेवढंच करायचं असेल तर काही म्हणजे काही विकत घ्यायचं नाही, लागेल ते सामान तिथेच मिळतं. पण तू ओपन वॉटरचा कोर्स करणार आहेस, पुढे १८ मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर उतरणार आहेस. मग स्वतःचे बूट असणं योग्यच आहे. मास्कनंतर स्वतःची घ्यावी अशी दुसरी वस्तू बूटच, कारण पायाचं माप प्रत्येकाचं वेगळं आणि दुसऱ्याच्या ओल्या बुटात पाय घालणं कुणालाच आवडत नाही. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा शिकवणारी संस्था आहे. तिथे किंवा जिथे नाव घातलंस तिथे फोन लावून दोनच प्रश्न विचारायचे होते. कोर्समध्ये फिन्स कुठल्या प्रकारचे देता? आणि पाण्यात शिरायचं ते होडीवरून की किनाऱ्यावरून चालत? या दोन उत्तरांवर बुटांची निम्मी निवड ठरते. तू मात्र मित्रांना किंमत विचारलीस, रंग विचारलास आणि बटण दाबून मोकळा झालास.

आता फिन्सचं ऐक. एका प्रकारात पूर्ण पाय आत जातो, टाचेसकट. ते अनवाणी पायावर किंवा पातळ मोज्यावर घालतात, स्नॉर्कलिंगला आणि होडीवरून उतरायला बरे पडतात. दुसऱ्या प्रकारात टाच उघडी असते, मागे पट्टा असतो, आणि तो पट्टा उघड्या कातडीवर ओढला तर टाच सोलून निघते. तिथे बूट हवाच. बूट आणि हे उघड्या टाचेचे फिन्स मिळून एकच वस्तू होते, म्हणून आधी बूट पायाला बसवायचा आणि मग तो घालूनच फिन्सचं माप बघायचं. बुटाचा तळ फार जाड किंवा रुंद असेल तर चवडा फिन्सच्या खोबणीत अर्ध्यावरच अडकतो. तुझे निळे फिन्स पहिल्या प्रकारातले आहेत. फोटोत टाच बंद दिसते. विकणाऱ्याने दोन्हींवर ‘स्कुबा’ लिहिलं होतं, तेवढ्यावर तू विश्वास ठेवलास.

आणि सात मिलिमीटर कशासाठी? जितकं जाड तितकं चांगलं, हे तुला कुणी सांगितलं? निओप्रीन हे रबर १९३० साली अमेरिकेत तयार झालं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने ओळखलं की पाणबुड्याचं अंग कोरडं ठेवायची गरज नाही. ऊब टिकते ती फेसाळ रबरात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे, आत थोडं पाणी शिरलं तरी बिघडत नाही. त्यातून वेटसूट आला आणि तसेच बूटही. म्हणजे ‘बुटात पाणी जातं, माल खराब आहे’ अशी तक्रार तू दुकानदाराला लिहिलीस ती चुकीची होती. पाणी जाणारच. सैल बुटात ते सारखं आत-बाहेर खेळत राहतं आणि ऊब घेऊन जातं, तक्रार करायची तर त्याबद्दल. सात मिलिमीटरचे बूट थंड समुद्रांसाठी असतात. मालवणच्या समुद्रात हंगामात पाणी साधारण २६ ते ३० अंशांचं असतं. तिथे तीन मिलिमीटर पुरतं, फारच थंडी वाजणारा असशील तर पाच. त्याहून जाड घेतलंस तर ते सगळे बुडबुडे तुझे पाय वर उचलतील. स्नॉर्कलिंग करताना फिन्स पाण्याबाहेर येऊन नुसते आपटत राहतील, आणि डाइव्हमध्ये डोकं खाली, पाय वर अशी अवस्था होईल. पहिल्या दिवसाच्या शिकाऊ माणसाला याहून मोठा त्रास नाही.

मापाबद्दल तर मला खरोखर राग आला. ‘एक नंबर मोठा घेतला, म्हणजे टिकेल.’ शाळेचे बूट आपल्याकडे असेच घेतात, वाढत्या पोराला दोन वर्षं पुरावेत म्हणून, आणि गरजेपोटी घेतात त्यात काही वाईट नाही. पण तुझा पाय आता वाढायचा थांबला आहे, आणि बॉईलचा नियम मी तुला अकरावीत फळ्यावर आकृती काढून शिकवला होता. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो, अठरा मीटरवर जवळपास पावणेतीन पट. दाब दुप्पट झाला की वायूचं आकारमान निम्मं. निओप्रीनमधले बुडबुडे त्याच नियमाने आक्रसतात, रबराची जाळी थोडी आडवी येते एवढंच. म्हणजे जो बूट घरात सैल आहे तो खाली आणखी पातळ आणि आणखी सैल होणार. टाच आत वरखाली होईल, प्रत्येक लाथेची निम्मी ताकद बुटातच जिरेल, आणि संध्याकाळपर्यंत टाचेला फोड येईल. परीक्षेत हा प्रश्न तू सोडवला होतास. पैसे देताना तो आठवला नाही.

माप असं घ्यायचं. संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, सर्वांत लांब बोटापुढे रेघ मारायची, दोन्ही पायांचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं आणि मोठा पाय धरायचा. मग त्याच कंपनीचा तक्ता उघडायचा. आपल्याकडच्या बुटांवर बहुतेक ब्रिटिश नंबर असतो, पुरुषांचा अमेरिकी नंबर त्याहून साधारण एकाने जास्त, युरोपचा अगदीच निराळा. नुसत्या आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही. बूट आला की घालून उभा राहा. बोटं पुढे हलकी टेकावीत, दुमडू नयेत. तळव्याच्या कमानीखाली आणि घोट्याच्या मागे पोकळी राहू नये. टाच उचलून चवड्यावर उभं राहिलं तर बुटाची टाचही सोबत उचलली पाहिजे. चेन लावताना ओढाताण झाली तर बूट लहान, चेन सरसर लागून वर कापड सुरकुतलं तर मोठा. आतून सुती मोजे घालू नकोस, ते ओले होऊन गोळा होतात आणि कातडी सोलतात. आणि नखं काप.

आता ज्या वाक्यासाठी हे सगळं लिहायला बसले त्याकडे येते. तू लिहिलंस, ‘तळ जाड घेतलाय बाई, आता कुठल्याही खडकावर बिनधास्त उभा राहीन.’

कशावर उभा राहणार आहेस, ते तुला माहीत आहे का?

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूचं पाणी १९८७पासून सागरी अभयारण्य आहे, २९.१२ चौरस किलोमीटरचं. तिथल्या तळावर तुला जे गोल, करडे-पिवळसर ‘खडक’ दिसतील त्यातले कितीतरी जिवंत प्रवाळ आहेत. वरच्या पातळ थरात बारीक जीव राहतात, खालचा दगड त्यांनीच पिढ्यानपिढ्या बांधलेला असतो. ही गोलाकार प्रवाळं वर्षाला सेंटिमीटरभर किंवा त्याहूनही कमी वाढतात. तुझ्या जाड तळाचा एक घसरता पाय तो जिवंत थर खरवडून काढतो, आणि तुला बुटातून काही जाणवतही नाही. अनवाणी माणूस निदान दुखतं म्हणून पाय मागे घेतो. म्हणूनच मला जाड तळाच्या बुटांची भीती वाटते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांची नावं वाघाच्या सोबत आहेत. सातपुड्यात वाढलेल्या मुलाला जंगलचा कायदा काय असतो हे मी वेगळं सांगायला नको.

तुझी सवय कुठून आली तेही मला माहीत आहे. तू तापीत पोहायला शिकलास, हातोड्याच्या पुलाकडे. तिथे दमलं की पाय खाली टाकायचा, गाळ लागतो, उभं राहायचं, श्वास घ्यायचा. नदीत ते चालून जातं. समुद्रात मास्कमध्ये पाणी शिरलं, ठसका लागला की तुझे पाय आपोआप तळ शोधतील आणि तेव्हा जाड बूट तुला धीर देतील. तो धीर मला नको आहे. मास्कमध्ये पाणी आलं तर पाठीवर उलटं होऊन तरंगत ते काढायचं, किंवा पाण्याखाली नाकाने फुंकून काढायचं. कोर्समध्ये दहा मिनिटं तरंगून दाखवावं लागतं आणि न थांबता दोनशे मीटर पोहावं लागतं. तळोद्याला समुद्र नाही ही सबब सांगू नकोस. कुणी जाणता माणूस सोबत घे, पाण्याला ओढ नसेल अशा जागी जा, आणि तळाला पाय न लावता दहा मिनिटं तरंगण्याचा सराव कर. नर्मदेच्या फुगवट्यात जाऊ नकोस, तिथे बुडालेल्या झाडांचे बुंधे आहेत आणि गढूळ पाण्यात ते दिसत नाहीत.

मग बुटांच्या तळाचं काम काय? किनारा ते पाणी एवढ्या वाटेवर चालणं. मालवणकडच्या खडकांना कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा पात्यासारख्या लागतात. ओल्या खडकावर शेवाळ असतं. होडीची शिडी उघड्या तळव्याला रुतते. यासाठी नक्षी असलेला, मध्यम कडक, वाकवला तर वाकणारा तळ पुरे. किनाऱ्यावरून चालत जायचं असेल तर घोट्यावर येणारा, चेनचा बूट घे आणि चेनच्या मागे आतून पट्टी आहे ना ते बघ, नाहीतर चेन कातडीला घासते. फक्त होडीवरून उतरायचं असेल तर बुटका, बिनचेनचा बूटही चालतो. आणि वाळूतही निर्धास्त होऊ नकोस. उथळ वाळूत पाकट अंग पुरून बसलेलं असतं, त्याच्या शेपटीचा काटा निओप्रीनमधून आरपार जातो. तिथे पाय उचलून टाकायचा नाही, वाळूतून घासत पुढे सरकवायचा, म्हणजे चाहूल लागून ते निघून जातं.

निगा राखायला वेळ लागत नाही, पण ती रोज करावी लागते. वापरून झालं की गोड्या पाण्यात खळबळून, चेनमधली वाळू काढून, सावलीत उलटे टांगायचे. तळोद्याच्या उन्हात पत्र्यावर वाळत टाकलेस तर एका उन्हाळ्यात सांध्याचा डिंक सुटेल आणि निओप्रीन कडक होईल. चेनवर अधूनमधून मेण फिरव.

तू हुशार आहेस, आणि तळोद्याहून निघून राज्याच्या त्या टोकाला जाऊन पाण्याखालचं काही शिकावं असं तुला वाटलं, याचा मला फार आनंद झाला होता. म्हणूनच एवढं बोलते आहे. आज बूट आणि फिन्स दोन्ही परत पाठव. परत करायची मुदत संपायच्या आत, पावती आणि पिशवीसकट. पाण्यात भिजवलेस म्हणून त्यांनी घेतले नाहीत तर बाबांना तू स्वतः सांग, आईकरवी नाही. उद्या संस्थेत फोन कर, ते दोन प्रश्न विचार, आणि उत्तरं वहीत लिही. दोन्ही पायांची मापं मिलिमीटरमध्ये मला कळव. ती आल्याशिवाय नवीन काही मागवायचं नाही. आणि बूट आले की बाजूने काढलेला फोटो पाठव, चवड्यावर उभा राहून, चेन पूर्ण लावलेली आणि टाच दिसेल असा.