शाळा निवडताना संगत कोणती?

शाळा निवडताना आपण मारेगाव-वणीकडील पालक दोन गोष्टी पाहतो : शिकवणे कसे आहे आणि सोबतची मुले कोणती आहेत. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. कल्याणमित्र लाभणे म्हणजे अर्धे नव्हे, संपूर्ण श्रेष्ठ जीवन होय, असे भगवान बुद्धांनी आनंदाला सांगितले. तेव्हा संगत पाहावीच.

परंतु ‘त्या शाळेत कोलामांची पोरं आहेत’ म्हणून मुलाचे नाव काढणे ही संगतीची पारख नव्हे, जातीची आहे. याच मापाने साताऱ्याच्या शाळेत बालभीमाला वेगळ्या गोणपाटावर बसविले होते. माणूस हीन ठरतो तो कर्माने, जन्माने नव्हे, हे वसलसुत्ताचे सार आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांत २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांच्या मुलांसाठी ठेवल्या. तेथे गेलेल्या आपल्या मुलाला कोणी ‘वाईट संगत’ म्हटले, तर आपल्याला सोसवेल काय?

गुरुजी वर्गात येतात काय, मुलाला वाचता येते काय, हे जरूर तपासा. उणे दिसल्यास शाळा व्यवस्थापन समितीत जाब विचारा. तरीही न सुधारल्यास शाळा बदला. सोबत्याचे वर्तन पाहा, कूळ विचारू नका. १९५६ साली दीक्षाभूमीवर घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत समतेची प्रतिज्ञा आहे. ती शाळेच्या दारातही पाळावयाची आहे.