पाणाडी की मशीनवाला

अण्णांनी तो शेअर 84 ला घेतला, 61 ला घेतला, 40 ला घेतला आणि 22 ला पुन्हा घेतला. दर वेळी 'ॲव्हरेज खाली आलं' असं सांगताना त्यांचा चेहरा मंडईत घासाघीस जिंकून आलेल्या माणसासारखा दिसायचा. त्यांच्या शब्दावर मीही 300 घेतले होते. बागेतल्या आमच्या बाकावरच्या पाचजणांपैकी चौघांकडे तो होता. पाचव्याचे पैसे मुलाच्या ताब्यात, म्हणून तो वाचला.

कंपनीचं नाव सांगत नाही. ती अजून आहे आणि तिच्याकडे वकीलही आहेत. धंदा एकच: गुजरातेत खंभातच्या खोऱ्यात जमिनीखालचा गॅस शोधणं. जागा काही वाईट नव्हे. 1960 साली त्याच पट्ट्यात अंकलेश्वरला तेल लागलं आणि नेहरूंनी त्या विहिरीला 'वसुधारा' नाव दिलं, हे अण्णांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवलंय की विहीर त्यांच्या आजोबांचीच असावी असं वाटायचं. अण्णा जिल्हा बँकेत कर्जवसुलीला होते. लोकांच्या सबबी ऐकण्यात नोकरी गेलेली. अशा माणसाला कोण फसवणार?

पहिली विहीर खणून झाली तेव्हा कंपनीने शेअर बाजाराला कळवलं की खोदताना 'गॅसची लक्षणं' दिसली. तीन दिवस अप्पर सर्किट. बाकावर पेढे आले. गॅसची लक्षणं दिसणं म्हणजे गॅस मिळणं नव्हे, हे आम्हाला दीड वर्षाने कळलं. खडक इतका घट्ट असतो की त्याच्या बारीक छिद्रांत अडकलेला गॅस आपणहून वर येत नाही. खाली प्रचंड दाबाने पाणी आणि वाळू सोडून खडक फोडावा लागतो, मग चाचणी घ्यायची, आणि आलेला गॅस टिकतो का ते पाहायचं. आमच्या विहिरीचा गॅस थोडे दिवस जळला, मग दाब पडला आणि पाणी येऊ लागलं. ही बातमी मात्र शनिवारी रात्री, बाजार बंद असताना, चार ओळींत आली.

त्यानंतर सबबी सुरू झाल्या. पावसाळा. रिग दुसरीकडे अडकली. खडक फोडायची यंत्रं येतायत. पर्यावरणाची परवानगी. अण्णा प्रत्येक सबब वहीत तारखेसकट लिहायचे. जुनी सवय. थकबाकीदाराची बायको आजारी पडते, मग बैल मरतो, मग पुन्हा बायको आजारी पडते. फरक एवढाच की थकबाकीदाराला अण्णांनी कधी नवं कर्ज दिलं नव्हतं.

मोठ्यांचंही असं होतं, हे आम्ही एकमेकांना समजावायचो. 2005 साली गुजरातच्या सरकारी कंपनीला कृष्णा-गोदावरी खोऱ्यात 20 ट्रिलियन घनफूट गॅस सापडल्याची घोषणा झाली होती. 2017 मध्ये त्या ब्लॉकमधला 80 टक्के हिस्सा ओएनजीसीच्या गळ्यात पडला तेव्हा तो आकडा कुणी काढेनासं झालं होतं. त्याच खोऱ्यात रिलायन्सचा डी-6 एप्रिल 2009 ला सुरू झाला, दुसऱ्या वर्षी रोज सहा कोटी घनमीटरवर गेला आणि पुढच्या तीन-चार वर्षांत पाव हिश्श्यावर उतरला. तिथे निष्णात माणसं होती, हवा तेवढा पैसा होता. जमिनीच्या पोटातलं कुणाला सांगता येतं? हे आम्ही दिलासा म्हणून बोलायचो. वास्तविक त्यातून घ्यायचं होतं ते उलटं, पण बाकावर उलटं बोलणारा तो पाचवा होता आणि त्याचं आम्ही ऐकत नव्हतो.

तेवढ्यात राइट्स इश्यू आला. दर चार शेअरमागे तीन नवे, 12 रुपयांनी. घेतले नाहीत तर हक्क रद्द आणि कंपनीतला आपला वाटा आकसणार. म्हणजे आधीचे पैसे वाचवायला आणखी पैसे. अण्णांनी मुदत ठेवीतले 50 हजार मोडून खात्यात आणून ठेवले.

त्याच आठवड्यात अण्णांचे थोरले बंधू आबा औशाकडच्या गावाहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आले होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा उघडा. कंपनीची वार्षिक सभा नेमकी तेव्हाच होती. पूर्वी सभागृहात जायचं, वेफर आणि बर्फीचा बॉक्स मिळायचा, चेअरमनसमोर उभं राहून विचारता यायचं. कोविडपासून सभा पडद्यावर गेल्या. बोलायचं तर आधी नाव नोंदवायचं आणि नंबर लागेपर्यंत मुक्यानं बसायचं. अण्णांनी नाव नोंदवलं होतं. मी त्यांच्याकडेच गेलो होतो.

अण्णांच्या आधी चारजण बोलले. चौघांनीही चेअरमनसाहेबांच्या दूरदृष्टीचं कौतुक केलं आणि एकाने शेर म्हटला. (अशी स्तुती करत सभेमागून सभा फिरणारी माणसं असतात. त्यांना काय मिळतं ते मला अजून कळलेलं नाही.) अण्णांचा नंबर आला तेव्हा स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि ती भारतभरच्या भागधारकांनी ऐकली.

"साहेब, पहिल्या विहिरीतून गॅस टिकला नाही. दुसरी तिथेच खणताय, ती कशाच्या आधारावर?"

चेअरमन हसले. गॅस खाली आहेच, त्यात शंका नाही, म्हणाले. आपण अगदी उंबरठ्यावर आहोत. तपशील ईमेलने कळवू. पुढचे वक्ते...

आबा इतका वेळ एका डोळ्याने पाहत होते. त्यांनी विचारलं, "अण्णा, ह्यो पाणाडी हाय का मशीनवाला?"

"म्हणजे?"

"पाणाडी हातावर नारळ धरून सांगतो, हितं पाणी हाय. मशीनवाला बोअर मारतो. पाणाड्याची दक्षिणा पाणी न्हाई लागलं तरी त्याचीच. मशीनवाला फुटावर पैशे घेतो, त्यालाबी पाणी लागायची गरज न्हाई. पर आमच्याकडं निदान दोघं येगळे असतेत. पाणाडी म्हणतो हितं मारा, मशीनवाला म्हणतो आणखी मारा. ह्यो एकटाच दोन्ही म्हणाय लागलाय, म्हणून इचारलं."

आबांना हक्क होता. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं त्या 2016 च्या उन्हाळ्यात त्यांनी दोन बोअर मारले होते, आधीचे तीन धरून पाच. त्यातल्या एकाला पाणी.

अण्णा काही बोलले नाहीत. रात्री त्यांनी वार्षिक अहवाल काढला. आकडे वाचायची सवय असलेला माणूस, पण हा अहवाल त्यांनी आजवर पुढून वाचला होता, चेअरमनच्या पत्रापासून. त्या रात्री मागून वाचला. टिपांमध्ये, मुंगीच्या अक्षरात, 'संबंधित पक्षांशी व्यवहार' म्हणून तक्ता असतो. खोदकामाची रिग ज्या फर्मकडून भाड्याने घेतली होती, ती चेअरमनच्या मेव्हण्याची होती. भाडं दिवसावर. विहीर जितकी रेंगाळेल तितकं भाडं. आम्ही ज्या पावसाळ्याला शिव्या घातल्या, त्या पावसाळ्यातही रिग साइटवर उभी होती आणि भाडं चालू होतं.

मला वाटलं, संपलं. पण अण्णांनी 50 हजार काढले नाहीत. हक्काची मुदत आणखी 12 दिवस होती.

आबा गावी परतले आणि आठवड्यात अण्णांना फोन आला: गुरुवारी मशीन येतंय, सहावा बोअर, ये. मला हसू आलं. शहाणपण सांगणाऱ्याचं स्वतःचं हे. अण्णा गेले. पुढचं मी त्यांच्याकडूनच ऐकलं.

मशीन तमिळनाडूचं होतं, गाडीवर तमिळ अक्षरं आणि पुढे लिंबू-मिरची. आबांनी नारळ फोडला. मग गाडीच्या फळीवर खडूने पंधरा रेघा ओढल्या. वीस फुटांचा एक रॉड, एक रेघ. प्रत्येक रॉड खाली गेला की आबा एक रेघ पुसत. आधी लाल मुरूम आला, मग काळा पाषाण. कॉम्प्रेसरच्या हवेने राखाडी भुकटी उडत होती. लिंबाच्या पानांवर, बैलाच्या पाठीवर, आबांच्या चष्म्यावर ती पिठासारखी बसली. कोरडी भुकटी. दहावा रॉड, अकरावा, बारावा.

चौदाव्याला भुकटीचा रंग बदलला. अण्णांनी खाली वाकून मूठभर उचलली. गार लागली. दाबली तर गोळा झाला.

"आबा, ओल आहे!"

मशीनवाल्यानेही पाहिलं. मोडक्या हिंदीत म्हणाला, पाणी आलंच समजा, और तीन रॉड, पक्का.

पंधरावा गेला. ओल तेवढीच. आबांनी शेवटची रेघ पुसली आणि हात वर केला.

"आबा, तीनच रॉडचा प्रश्न आहे. इथवर आलो. इथवरचे पैसे तर गेलेच ना? मी देतो वरचे, माझ्याकडे आहेत."

खात्यातल्या त्या 50 हजारांवरच हे बोलत होतो, असं अण्णांनी मला नंतर सांगितलं. फॉर्म भरायचा की नाही याचा तोवर त्यांनी निर्णय केलेला नव्हता.

आबा म्हणाले, "रेघा सकाळी मारल्या तवा ओल नव्हती. तवा डोस्कं कोरडं होतं." आणि हिशेब करायला मशीनवाल्याकडे गेले.

अण्णांची मूठ बंदच होती. थोड्या वेळाने त्यांनी ती उघडली. उन्हात गोळ्याची पुन्हा भुकटी झाली होती.

दुसऱ्या दिवशी बाकावर त्यांनी हे सगळं सांगितलं. आबा आता त्या कोरड्या बोअरमध्ये पावसाचं पाणी मुरवणार आहेत, शेजारच्या विहिरीला उपयोग होईल म्हणून. राइट्सची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. अण्णा म्हणाले, मी जाऊ दिली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही काय केलंत?"

मी बुटांची नाडी बांधत होतो. सकाळी चहाच्या आधीच मी फॉर्म भरून मोकळा झालो होतो.

"बघू," म्हणालो, "अजून विचार करतोय."