ऐकणाऱ्याचे पाप



एखादा पुढारी व्यासपीठावरून एखाद्या समाजाविषयी वाटेल ते बोलतो. तो स्वतः कोणाला बोटही लावत नाही. पुढे काही दिवसांनी कोठेतरी त्या समाजातल्या कोणाचे घर जळते. मग आपण विचारतो, दोषी कोण? बोलणारा की आग लावणारा? या प्रश्नात तिसरा माणूस राहून जातो. तो म्हणजे ऐकणारा.

आफ्रिकेतील रवांडा हा लहानसा देश. तेथे बहुसंख्य हुतू व अल्पसंख्य तुत्सी एकच भाषा बोलत, शेजारी राहत, एकाच देवळात मिस्सेला जात. देश ख्रिस्ती, त्यातही कॅथोलिक सर्वाधिक. जुलै १९९३ मध्ये तेथे 'आरटीएलएम' हे रेडिओ केंद्र सुरू झाले. गाणी, गप्पा, विनोद यांमुळे ते लोकप्रिय झाले. त्याच गप्पांतून तुत्सींना 'इन्येंझी', म्हणजे झुरळे, म्हटले जाऊ लागले. ६ एप्रिल १९९४ रोजी राष्ट्राध्यक्षांचे विमान पाडले गेले आणि कत्तल सुरू झाली. आता तेच केंद्र कोणाला कोठे गाठायचे ते सांगू लागले. सुमारे १०० दिवसांत ८ लाखांहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत बहुतेक तुत्सी होते, कत्तलीला विरोध करणारे हुतूही होते. न्तारामा येथील चर्चमध्ये आसऱ्याला आलेले हजारो लोक तेथेच मारले गेले.

शेजाऱ्यावर कोयता उगारताना हात कापतो, झुरळ मारताना कापत नाही. द्वेषाचे भाषण हाताचा तो कंप काढून घेते. २००३ साली आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने या केंद्राच्या दोघा संस्थापकांना व एका नियतकालिकाच्या संपादकाला दोषी ठरवले. २००७ मध्ये अपिलात शिक्षा कमी झाल्या, तरी तिघेही दोषीच राहिले.

बोलणाऱ्यांचा न्याय झाला. पण घराघरांत रेडिओ लावून जे हसले, त्यांचे काय? त्यांना कोणतेही न्यायालय बोलावणार नाही. संत थॉमस अक्विनास यांनी १३ व्या शतकातच हा प्रश्न हाताळला आहे. दुसऱ्याची निंदा जो आवडीने ऐकतो, त्याचे पाप निंदकाहून कमी नाही, असे ते सांगतात. जो भीतीने किंवा संकोचाने गप्प राहतो, त्याचे पाप कमी, पण तेही पापच. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूनेही खून न करण्याच्या आज्ञेतच भावाच्या अपमानाचा विचार केला आहे, हे येथे आठवावे.

२०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी रवांडातील ख्रिस्तसभेच्या व तिच्या सदस्यांच्या पापांबद्दल देवाकडे क्षमा मागितली. ही क्षमा आपल्यासारख्याच मिस्सेला जाणाऱ्या, कम्युनियन घेणाऱ्या माणसांसाठी होती.

आपण या देशात अल्पसंख्य आहोत. आपल्याविषयी कोणी विखारी बोलले की आपला जीव धास्तावतो, आणि बहुसंख्य समाजातील एखाद्या शेजाऱ्याने त्याला हटकावे असे वाटते. तशीच अपेक्षा दुसऱ्या समाजातील कोणीतरी आपल्याकडून करीत असतो. नाक्यावर, लग्नाच्या मांडवात, मोबाइलवर कोणी त्यांच्यावर विनोद करतो, तेव्हा आपण हसतो, पुढे पाठवतो, की "हे बरोबर नाही" एवढे तरी म्हणतो?

पापनिवेदनाला जाण्यापूर्वी आपण जिभेचा हिशेब करतो. यापुढे कानांचाही करू या.