हेतूची झडती

ख्रिस्ती मिशनांच्या सेवाकार्याविषयीचा आपल्याकडला वाद अधूनमधून पेटतो आणि प्रत्येक वेळी त्याच दोन मुद्द्यांवर येऊन विझतो. दवाखाना, शाळा, अनाथालय ही सारी धर्मांतराची आमिषे आहेत, असे एक पक्ष म्हणतो. ती निरपेक्ष प्रीतीची कृत्ये आहेत, असे दुसरा छातीठोकपणे सांगतो. दोघांचीही नजर सेवा करणाराच्या अंतःकरणावर खिळलेली असल्यामुळे, ज्याची जखम धुतली गेली त्या माणसाचे पुढे काय झाले, हा प्रश्न दोघांच्याही कैफियतीत कोठे नोंदला जात नाही. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरील वडनेरसारख्या गावी राहून ही चर्चा ऐकणाराला तिच्यातला पोकळपणा विशेष जाणवतो. कारण सेवेच्या नाना प्रयोगांनी जितका हा वर्धा जिल्हा नांगरला गेला आहे, तितका महाराष्ट्रातला दुसरा क्वचितच असेल.

यांपैकी दुसऱ्या पक्षाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. केवळ भाव चांगला म्हणून कामाची तपासणी माफ करणे ही भक्ती असेल, विचार नव्हे. पहिल्या पक्षाला मात्र सरकारी दप्तराचा आधार आहे. वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात होता त्या काळी, १९५४ साली, निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली तेथील सरकारने मिशनऱ्यांच्या कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. १९५६ साली आलेल्या तिच्या अहवालात, ज्यांचे मुख्य प्रयोजन धर्मांतर हेच आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत जाण्यास सांगावे आणि वैद्यकीय सेवेचा धर्मांतराचे साधन म्हणून होणारा उपयोग कायद्याने बंद करावा, अशा शिफारशी आहेत. अहवालातील तक्रारी निराधार होत्या असे मी म्हणणार नाही. अडलेल्याच्या उशाशी बसून त्याच्याकडून कबुली घेणे ही गोष्ट कोणत्याही धर्माला लाज आणणारीच आहे. माझा आक्षेप निराळा आहे. प्रयोजन मुख्य कोणते आणि गौण कोणते, हे ठरविण्याची मुखत्यारी कोणत्या तहसीलदाराला देणार?

माणसाचा हेतू नेहमीच सरमिसळ असतो. पाणपोईवर वडिलांचे नाव कोरणाऱ्या शेटजीला पुण्य हवे असते, लौकिक हवा असतो आणि वाटसरूची तहानही भागावी असे मनापासून वाटत असते. म्हणून त्या पाण्याला कोणी आमिष म्हणत नाही. शिवाय हेतू शुद्ध असला म्हणजे काम शुद्ध होते असेही नाही. याच जिल्ह्यात, दत्तपूरला, १९३६ साली मनोहर दिवाणांनी महारोग्यांची सेवा आरंभिली. कोणाला बाप्तिस्मा देण्याचा प्रश्नच तेथे नव्हता. परंतु दिवाणांच्या अंगी नुसती निष्कामता असती आणि जखमेवरची पट्टी मात्र वेळेवर बदलली गेली नसती, तर बधिर झालेल्या पायाची बोटे त्या निष्कामतेने वाचली नसती. १८८९ साली हिंदुस्थानात आलेल्या, मिरजेच्या मिशन दवाखान्यातल्या डॉ. वानलेसांना ख्रिस्ताचे नाव सांगायचे होते हे त्यांनी कधी लपविले नाही. पण त्यांच्या टेबलावर निजणाऱ्या रोग्याला शस्त्राची धार महत्त्वाची होती, आणि रोग्यांची रीघ लागली ती त्या हाताच्या लौकिकाने.

हेतुवाद्यांचा सर्वांत मोठा दोष याहूनही खोल आहे. सेवा घेणारा माणूस भोळा, बावळट, कोणीही पळवून न्यावा असा आहे, हे ते गृहीत धरून चालतात. हिंगणघाटच्या बाजारात कापसाची गाडी उभी करून अडत्याच्या बोलण्यातली मेख ओळखणारा शेतकरी आणि मुकादमाच्या उचलीचा सापळा पिढ्यान्‌पिढ्या सोसलेला मजूर यांना आमिष म्हणजे काय हे समितीने शिकवावे, असे काही नाही. त्यांचे रक्षण करू म्हणणाराने त्यांच्या अकलेवर आधीच चौकशी बसवलेली असते! आणि आदरपूर्वक म्हणतो, पण म्हणतो: १९३६ साली सेगावला आलेल्या मिशनरी पुढारी जॉन मॉट यांच्याशी बोलताना, सेवेमागे धर्मांतराचा हेतू नसावा असा आग्रह धरणारे गांधीजीही शेवटी याच झडतीत शिरले होते.

मला महत्त्वाचा वाटणारा भेद दुसराच आहे: कामाचा हिशेब कोणाकडे जातो? जे काम आपला ताळेबंद वरिष्ठांकडे, देणगीदारांकडे पाठवून मोकळे होते ते एक; आणि ज्याचा जमाखर्च, ज्यांच्यासाठी ते केले त्यांनाच तपासता येतो, चुकले तर जाब विचारता येतो, ते दुसरे. आठ दिवस येऊन शाळेची भिंत रंगवून, मुलांसमवेत छायाचित्रे काढून जाणाऱ्या हौशी मंडळींचा निकाल या कसोटीवर एका वाक्यात लागतो. रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ हा स्वतंत्र भक्तसमाज मांडला, त्याच्या मुळाशी मला हीच तळमळ दिसते: बोस्टनच्या दप्तराला जबाबदार असलेला उपदेशक नगरच्या माणसाला जबाबदार कसा राहील?

परंतु या भेदाचे खरे उदाहरण मला आमच्याच जिल्ह्यात सापडते. जे. सी. कुमारप्पा हे तंजावरचे ख्रिस्ती, लंडनला शिकलेले हिशेबतपासनीस. १९३४ च्या बिहार भूकंपाच्या मदतनिधीचा जमाखर्च त्यांच्या हाती होता, तेव्हा गांधीजींच्या बरोबरच्या मंडळींचा खर्चही त्यांनी निधीवर पडू दिला नाही. त्याच वर्षी ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि ते वर्ध्याच्या मगनवाडीत येऊन राहिले. येशूच्या शिकवणीवर त्यांनी तुरुंगात पुस्तक लिहिले, चर्चच्या धुरीणांशी वाद घातले. पण त्यांची श्रद्धा पाहायची असेल तर घाण्यापाशी जावे. मगनवाडीत झवेरभाई पटेलांनी सुधारलेल्या तेलघाण्याची परीक्षा तेल्यालाच करता येत होती. लाट उखळीत नीट बसते की नाही, एका घाण्याला किती वेळ लागतो, बैल किती दमतो, हे त्याला बोट घालून दाखविता येई. गावची जवस गावातच पिळली तर ढेप गावच्याच गुरांच्या दावणीला राहते आणि तेल्याची मजुरीही गावातच खेळते. गिरणीला दिली तर बी जाते आणि रोकड देऊन डब्यातले तेल परत येते. हे गणित मांडायला कुमारप्पांना बायबलमधला एकही दाखला लागला नाही. घाणा परवडला नाही तर तेली तो सोडून देई, आणि कुमारप्पांना ते निमूट ऐकून घ्यावे लागे. घाणे पुढे गिरण्यांपुढे टिकले नाहीत, हे खरेच. पण ते अपयशही गावासमोर उघडे पडले, अहवालात झाकले गेले नाही. पुढे काही काळ त्यांनी याच जिल्ह्यात सेलडोहला शेतीचे प्रयोग केले, तेही त्याच रीतीने.

माझ्या या भेदाला एक ठिकाणी मात्र ठेच लागते, ती लपविण्यात अर्थ नाही. तेली जाब विचारू शकतो. उपाशी पोर विचारू शकत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी आमच्या मध्यप्रांतात येऊन ज्या मुली आपल्या आश्रयाला नेल्या, त्यांच्यापैकी कोणती हिशेब मागणार होती? पुढे त्या ख्रिस्ती झाल्या म्हणून रमाबाईंवर दोषारोप झाला. मी म्हणतो, हिशेबाची मुदत येथे लांबते, इतकेच. रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात अशा बायका छापखान्याचे खिळे जुळवायला शिकल्या, आणि रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्याच हातांनी छापले गेले. हाताला धंदा आल्यानंतर त्यांच्यापैकी एखादीला, मला हे मान्य नाही, असे बाईंना तोंडावर सांगून बाहेर पडता येत होते काय, आणि बाहेर पडलीच तर त्या धंद्यावर तिला पोट भरता येत होते काय, हे जो शोधील त्याचेच रमाबाईंविषयीचे मत मी ऐकून घेईन.