परक्या सणातले पाहुणे

वैद्यकीय शिक्षणासाठी जॉर्जियाला जाणाऱ्या भारतीय मुलांची संख्या आता हजारांत आहे. त्यांत आपल्या विदर्भातलीही मुले आहेत. तिबिलिसीत मित्रमैत्रिणी जमतात, २५ डिसेंबरला केक कापतात, लाल टोप्या घालून काढलेले फोटो घरी पाठवतात. दिघोरीसारख्या इकडच्या गावात ते पाहून कुणी कौतुक करते, तर कुणी नाक मुरडते, की आपले सणवार सोडून हे कशाला? परदेशात नाताळ साजरा केल्याने कुणाचा धर्म बुडत नाही, हे मी ठामपणे मानतो. मात्र आपण कुणाच्या सणात सामील होत आहोत, हे जाणून घेणे पाहुण्याचे कर्तव्य आहे.

जॉर्जियाचे ऑर्थोडॉक्स चर्च आजही जुने ज्यूलियन पंचांग पाळते. ते नव्या पंचांगाच्या १३ दिवस मागे चालते. त्यामुळे तिथला नाताळ ७ जानेवारीला येतो. त्याआधीचे ४० दिवस श्रद्धाळू माणसे उपास धरतात. मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात. म्हणजे आपली मुले २५ डिसेंबरला केक घेऊन हौसेने घरमालकिणीचे दार वाजवतात, तेव्हा तिचा उपास चालू असू शकतो. मुलांच्या मनात वाईट काहीच नसते. पण ज्या घरात ती राहतात, त्या घराचा सण त्यांनी विचारलेलाच नसतो. सिनेमात आणि जाहिरातीत दिसलेला नाताळ तेवढा त्यांना ठाऊक असतो.

खरा सोहळा पाहायचा तर ७ जानेवारीला रस्त्यावर यावे. त्या दिवशी तिबिलिसीत ‘अलिलो’ची मिरवणूक निघते. पांढरे झगे घातलेली मुले, क्रूस, पवित्र चित्रे आणि झेंडे घेतलेली माणसे गात गात मोठ्या कॅथेड्रलकडे चालतात. वाटेत लोक खाऊ आणि भेटवस्तू देतात. ते सारे गरीब, अनाथ मुलांसाठी असते. घरोघरी मधात घोळलेल्या अक्रोडाची ‘गोझिनाकी’ पुढे येते. ती खाणाऱ्याला आपली चिक्की आठवल्यावाचून राहत नाही. या मिरवणुकीत चार पावले चालणारा विद्यार्थी त्या देशाबद्दल जे शिकतो, ते केक कापून कळत नाही.

पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीला खरे तर दुसऱ्याच्या सणात असे पाहुणे म्हणून जाणे नवे नाही. बलिप्रतिपदेनंतर लाखांदूर-साकोलीकडे गावोगावी ‘मंडई’ म्हणजे जत्रा भरते. लेकी माहेरी येतात, आसपासचे सोयरे येतात, रात्री वडस्याच्या कंपनीचे नाटक लागते आणि पहाटेपर्यंत चालते. पाहुण्याने आधी घरी यावे, म्हाताऱ्यांच्या पाया पडावे, समोर आलेला चहा-चिवडा घ्यावा आणि मग मंडईत फिरावे, ही तिथली रीत. ही रीत अंगी असलेली मुले परदेशी जाऊन नुसती गर्दीत नाचून परततात, याचे मला वाईट वाटते.

कुणी म्हणेल, ख्रिस्ती सण आपल्याला परकाच. मग मराठीचा इतिहास उघडून पाहावा. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या इंग्लंडच्या फादर थॉमस स्टीफन्सने मराठी आत्मसात केली आणि ख्रिस्ताची कथा जवळपास ११ हजार ओव्यांत सांगितली. ते ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती मराठी भजनात आणि कीर्तनात आणली. वसईत, नगरमध्ये, नागपुरात मराठी बोलणारी ख्रिस्ती घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत.

तेव्हा तिबिलिसीतल्या मुलांनी यंदा घरमालकिणीला आधी विचारावे, ‘तुमचा सण कधी? आम्ही येऊ का?’ आणि आपण इथे राहणाऱ्यांनी २५ डिसेंबरला ओळखीच्या ख्रिस्ती कुटुंबाकडे मित्रांना घेऊन जावे. परदेशातल्या नाताळाचे कौतुक करणाऱ्याने शेजारच्या नाताळाला पाठ दाखवू नये.