शिफारस आणि साक्ष

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत वैद्यकीचे शिक्षण आता दुर्मिळ राहिलेले नाही. मिरजेस १९६२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. कराडास कृष्णाकाठी १९८४ मध्ये निघाले. सांगलीस आहे, आणि अलीकडे साताऱ्यासही सुरू झाले. यांपैकी कोठेही प्रवेश मिळविण्यास गुरुजनांचे पत्र लागत नाही. ७२० गुणांची एक परीक्षा आणि तीतील क्रमांक, एवढ्यावर निकाल लागतो. परंतु तीच मुले पदवी घेऊन पुढील शिक्षणासाठी अमेरिकेची वाट धरू लागली, की त्यांच्यापुढे एक अगदी निराळी मागणी उभी राहते. ज्यांनी तुमचे काम पाहिले आहे अशा तीन-चार अध्यापकांनी तुमच्याविषयी लिहावे, असे तिकडील संस्था म्हणतात. विद्यार्थी आपल्या प्राध्यापकांकडे जातो, संकोचाने गोष्ट काढतो, आणि बहुधा त्यास उत्तर मिळते, "तूच लिहून आण, मी सही करतो."

हे उत्तर इतके अंगवळणी पडले आहे, की त्यात काही विचार करण्याजोगे आहे असे देणाऱ्यासही वाटत नाही आणि घेणाऱ्यासही वाटत नाही. उलट घेणारा कृतज्ञ असतो. आम्हांस मात्र या पाच-सहा शब्दांत एक नीतीचा प्रश्न दडलेला दिसतो.

प्रथम प्राध्यापकांची बाजू मांडणे न्यायाचे होईल. एकेका वर्गात शंभरावर मुले; सकाळी बाह्यरुग्ण विभाग, दुपारी व्याख्याने, मध्येच परीक्षा आणि तपासण्या. परदेशी धाटणीचे इंग्रजी पत्र लिहिण्याची सवय पुष्कळांस नाही. मुलाचे भले व्हावे ही इच्छा मनापासून असते. मुलास काय हवे ते मुलासच ठाऊक, तेव्हा त्याने लिहावे आणि आपण आशीर्वादासारखी सही द्यावी, यात कोणाचे काय बिघडले? या युक्तिवादात दुष्टपणा कोठेही नाही, आणि म्हणूनच तो खोडून काढणे कठीण जाते. आशीर्वाद हा शब्द येथे नकळत आला खरा, पण तोच घोटाळ्याचे मूळ आहे. शिफारसपत्र हे देणे आहे, दान आहे, गुरूची कृपा आहे, असे आपण धरून चालतो. दान असेल तर ते जितके भरघोस तितके चांगले. त्याचा मजकूर कोणी लिहिला हे विचारणेही असभ्यपणाचे.

आमच्या मते ते दान नव्हे, ती साक्ष आहे. आणि साक्षीचे शास्त्र आपल्याकडे नवीन नाही. नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. दुसऱ्याचा शब्द हा ज्ञानाचे साधन होतो खरा, पण तो आप्ताचा असला तरच. आप्त कोणास म्हणावे याचा खुलासा वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरील भाष्यात केला आहे. त्याचा मथितार्थ असा, की ज्याने वस्तू स्वतः पाहिली आहे आणि जशी पाहिली तशीच ती सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. दोनच अटी. भाष्यकार पुढे म्हणतो, की ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांस हे लक्षण सारखेच लागू आहे. कुलाचा, मानाचा किंवा अधिकाराचा प्रश्नच त्याने शिल्लक ठेवला नाही.

आता या शब्दाचे मराठीत काय झाले ते पाहा. आपण आप्त म्हणतो तो नातेवाईक! ज्याचा शब्द खरा तो आप्त, येथून निघून जो आपला तो आप्त, येथवर आपण आलो. ही केवळ शब्दाची गंमत म्हणून सोडून देता येत नाही. शिफारस आणि वशिला हे दोन्ही शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले, आणि आज त्यांतील अंतर कोणी दाखवू म्हणेल तर त्याची पंचाईत होईल. चिठ्ठी कोणाची आहे हे आधी पाहावयाचे. चिठ्ठीत काय आहे ते वाचलेच पाहिजे असे नाही. शाळा-महाविद्यालयांच्या दाखल्यांवर वर्तणुकीचा एक रकाना असतो. त्यात 'चांगली' याहून निराळा शब्द लिहिलेला किती जणांनी पाहिला असेल? सर्वांस मिळणारी साक्ष ही कोणाविषयीच काही सांगत नाही.

साक्षीवरचा हा विश्वास गमावल्यामुळेच आपण गुणांना शरण गेलो. १९८० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात विनाअनुदानित महाविद्यालये निघाली, देणगी मोजून जागा मिळू लागल्या, आणि १९८७ साली विधिमंडळास त्याविरुद्ध कायदा करावा लागला. पुढे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने वैद्यकीसाठी देशभर एकच प्रवेशपरीक्षा लागू झाली. २०२४ साली तिचीही प्रश्नपत्रिका फुटली, हे मान्य करूनही आम्ही म्हणतो, की प्रवेशाच्या दारावर परीक्षाच असावी. जत किंवा आटपाडीच्या, माण किंवा खटावच्या दुष्काळी गावातील मुलीस कोणाची ओळख असणार? तिच्या बापाने डॉक्टर पाहिला तो आजारपणात. गुण हाच तिचा एकमेव पाठिराखा, आणि तो तिचे आडनाव विचारीत नाही. दाराशी पत्रे मागितली तर ती साखर कारखान्याच्या संचालकाच्या घरी आधी पोहोचतील. हा दोष आपल्याच मातीचा आहे असेही नाही. अमेरिकेत १९२० नंतरच्या दशकात हार्वर्डसारख्या विद्यापीठांनी चारित्र्य आणि व्यक्तिमत्त्व यांची चौकशी वाढविली, ती बऱ्याच अंशी परीक्षेत वर येणाऱ्या ज्यू मुलांची संख्या आवरण्यासाठी. सद्‌गुणांची विचारपूस करणारा प्रत्येक जण सद्‌गुणांच्याच शोधात असतो असे नाही.

तथापि परीक्षेस जे दिसत नाही तेही आहेच. रुग्णालयात फेरी संपून मोठे डॉक्टर पुढे गेल्यावर, म्हातारीस न कळलेले औषध तिच्या भाषेत पुन्हा समजावून सांगण्यास मागे थांबणारा विद्यार्थी कोण, हे ७२० गुणांत मावत नाही. नळी घालताना चुकली तर चुकली असे म्हणणारी मुलगी आणि ती चूक परिचारिकेवर ढकलणारा मुलगा, हे दोघे गुणपत्रिकेवर शेजारी शेजारी बसू शकतात. हे पाहणारा डोळा एकच, जवळ उभ्या असलेल्या शिक्षकाचा. तोच जर 'तू लिहून आण' म्हणाला, तर जे सांगण्यासाठी पत्र मागितले तेच त्यातून वगळले गेले. परदेशी संस्थेची फसवणूक झाली ही गोष्ट आम्ही दुय्यम समजतो. अधिक मोठी हानी विद्यार्थ्याची आहे. पाच-साडेपाच वर्षे तो ज्यांच्या नजरेसमोर वावरला, त्यांनी त्यास पाहिलेच नाही, असा त्या उत्तराचा अर्थ होतो. आणि तो बिचारा आभार मानून बाहेर पडतो.

शिवाय त्यास कोणते काम लावले? आपलीच स्तुती, तीही दुसऱ्याच्या तोंडून. समर्थांनी दासबोधात मूर्खांची लक्षणे सांगितली आहेत, त्यांत आपणच आपली स्तुती करणे हे आहे. सज्जनगडाच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलांस हे लहानपणी पाठ करावयास लावावयाचे आणि तेविसाव्या वर्षी उलटे करावयास लावावयाचे, हा प्रकार चमत्कारिक आहे. अलीकडे यंत्रही असा मजकूर क्षणात लिहून देते. म्हणजे पाहिलेही कोणी नाही आणि लिहिलेही कोणी नाही, फक्त सही तेवढी माणसाची.

याउलट अमेरिकेतील रीत पाहावी. तेथे १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्यास आपली शैक्षणिक कागदपत्रे पाहण्याचा हक्क मिळाला; तरी शिफारसपत्रांपुरता तो हक्क आपण सोडतो, असे बहुतेक उमेदवार आपण होऊन लिहून देतात. आपल्याविषयी काय लिहिले हे मला कळणार नाही, हे कबूल केल्यावाचून त्या पत्रास वजन येत नाही. एकीकडे विद्यार्थी पत्र न वाचण्याचे वचन देतो. दुसरीकडे आपल्याकडील विद्यार्थी तेच वचन देतो आणि पत्र स्वतः लिहितो! एकाच अर्जावर या दोन गोष्टी नांदतात.

कोणी म्हणेल, ज्यास गुरूच नाही त्याने काय करावे? याचे एक उदाहरण आमच्या भागापासून फार दूर नाही. गोपाळराव जोशी १८७८ साली कोल्हापुरास टपालखात्यात असताना त्यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी रॉयल वाइल्डर या मिशनऱ्यांकडे साहाय्य मागितले. हे गृहस्थ पूर्वी कोल्हापुरास होते आणि तेव्हा अमेरिकेत मासिक चालवीत होते. ख्रिस्ती धर्म स्वीकारावा, असा सल्ला त्यांनी दिला. म्हणजे शब्द टाकण्यास किंमत होती, आणि जोशी दांपत्याने ती दिली नाही. मात्र वाइल्डरांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला आणि १८८० मध्ये तो न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंच्या दृष्टीस पडला. पुढे त्यांच्याच घरी राहून, २८ जून १८८३ रोजी, अठरा वर्षांच्या आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयास आपला अर्ज लिहिला. शिफारस करील असा एकही प्राध्यापक त्यांना नव्हता, कारण त्या कोणत्याही महाविद्यालयात गेल्याच नव्हत्या. आपण प्रवेशाच्या सर्व अटींत बसत नाही, हे त्यांनी स्वतःच सांगून टाकले, आणि मित्र व जात यांचा विरोध पत्करून येथवर आणणारा निश्चय हीच आपली योग्यता म्हणून पुढे ठेविली. महाविद्यालयाने त्यांना घेतले. ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. तेही एका अर्थी स्वतःचे स्वतः लिहिलेले शिफारसपत्रच होते. पण त्याखाली त्यांचीच सही होती, आणि वाचणारास कोण बोलत आहे हे ठाऊक होते. स्वतःविषयी स्वतःच्या नावाने बोलणे हा अर्ज. दुसऱ्याच्या नावाने बोलणे ही तोतयेगिरी.

मग करावे काय? विद्यार्थ्याने आपल्या कामाची टिपणे द्यावी: कोणत्या विभागात किती दिवस होतो, कोणते रुग्ण सांभाळले, कोठे काय वाचले. इतके देण्यात काही गैर नाही, किंबहुना ते साक्षीदाराच्या स्मृतीस साहाय्य आहे. निर्णयाची वाक्ये मात्र शिक्षकाने स्वतः लिहावी, मोडक्या इंग्रजीत का होईना. आणि ज्यास त्याने पाहिलेच नाही त्यास तसे स्पष्ट सांगावे. असा नकार कठोर वाटतो, पण सहीपेक्षा त्यात विद्यार्थ्याविषयी आदर अधिक आहे.

येथे खरी अडचण पुढे येते, आणि ती विद्यार्थीच अचूक दाखवितात. ज्याने आम्हांस पाहिले तो कनिष्ठ अधिव्याख्याता, नाहीतर रात्रपाळीचा निवासी डॉक्टर. त्याच्या सहीस तिकडे कोण विचारतो? विभागप्रमुखाची सही हवी, आणि विभागप्रमुखांस आमचे नावही ठाऊक नसते. वात्स्यायनाच्या लक्षणाने पाहता आप्त तो कनिष्ठच. जगाच्या लक्षणाने प्रमुख. या पेचात विद्यार्थ्याने प्रमुखाच्या दारी जावे याचा दोष आम्ही त्यास देऊ शकत नाही. पण प्रमुखांस एक मार्ग मोकळा आहे. अमेरिकेतील काही विषयांत विभागप्रमुखाचे पत्र म्हणून वेगळे मागतात, आणि प्रमुख ते आपल्या हाताखालच्या शिक्षकांनी नोंदविलेल्या अभिप्रायांवरून तयार करितो. पाहिले कोणी आणि लिहिले कोणी हे त्यात लपवीत नाहीत. मिरजेच्या किंवा कराडच्या एखाद्या प्रमुखाने फेरीच्या शेवटी आपल्या कनिष्ठांस मुलांविषयी दोन-दोन ओळी एका वहीत लिहून ठेवण्यास सांगितले, तर त्यास सरकारी मंजुरी लागणार नाही, आणि खर्च एका वहीचा.